बंगळुरूला कधी येऊ?

मी मूळची सांगलीची. गेली १९ वर्षं बंगळुरूत राहते. या १९ वर्षांत नातेवाइकांनी मला एकच प्रश्न शेकडो वेळा विचारलाय, "तुमच्याकडे हवा कधी चांगली असते? कधी येऊ?" आणि मीही ठोकून द्यायचे, "कधीही या, आमच्याकडे बाराही महिने एसी चालू असतो."

हे उत्तर चुकीचं आहे. आईला दोनदा चुकीच्या वेळी बोलावून मला ते कळलं.

आई ७४ वर्षांची. दमा आहे, पंप कायम पर्समध्ये. पहिल्यांदा तिला मी २०२४ च्या एप्रिलअखेर बोलावलं. मुलांना सुट्टी, सांगलीत ऊन, म्हटलं इकडे गारव्याला ये. हिशेब आपला नेहमीचाच, सुट्टी म्हणजे मे महिना आणि मे महिना म्हणजे थंड हवेचं ठिकाण. ती राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं सकाळी उतरली आणि त्याच आठवड्यात पारा ३८ अंशांवर गेला. त्या एप्रिलमध्ये शहरात पाऊस नाही. आमची बोअर आटलेली, टँकर कधी यायचा, कधी नाही. वरच्या मजल्यावरचं घर, आणि एसी कशाला घ्यायचा म्हणून आम्ही तो कधी घेतलाच नव्हता. आई चौथ्या दिवशी म्हणाली, "अगं, सांगलीत निदान पाणी तरी आहे." आठव्या दिवशी परत गेली.

असं का होतं, ते मी नंतर समजून घेतलं. बंगळुरू आणि चेन्नई जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, १३ अंश उत्तर. म्हणजे सूर्य दोघांनाही सारखाच. फरक उंचीचा. बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच आहे आणि दर हजार मीटरला हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी गार होते. आमचा एसी तो एवढाच! पण एप्रिलच्या २४-२५ तारखेला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. दुपारी उभ्या खांबाची सावली पडत नाही, शाळेतली मुलं अंगणात बाटल्या उभ्या करून ते बघतात. तेव्हा इथला कडक उन्हाळा मार्च-एप्रिलचा. मेमध्ये संध्याकाळी वळीव पडू लागतो आणि हवा उतरते. नागपूर-अकोल्याकडून येणाऱ्यांना हे उलटं वाटतं.

दुसरी चूक डिसेंबरची. ही जास्त महागात पडली. सगळेच सांगतात, डिसेंबर-जानेवारी उत्तम. फिरायला आलेल्या धडधाकट माणसाला ते खरंही आहे. दिवसा २६-२७ अंश, रात्री १५-१६. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास लालबागेत फुलांचं प्रदर्शन, व्ही. व्ही. पुरम भागात पावट्याची जत्रा (पावट्याचा डोसा एकदा खाऊन बघाच), आणि थोडं पुढे रस्तोरस्ती गुलाबी टॅबेबुया. पण दमेकऱ्याला पहाट वाईट. आई पाच वाजता उठणारी, सवयीनं गॅलरीत जाऊन बसायची. तिसऱ्या रात्री तिला धाप लागली ती थांबेना. पंपाचा उपयोग होईना. रात्री दोनला रिक्षानं दवाखाना, नेब्युलायझर, दोन दिवस ऑक्सिजन. डॉक्टर म्हणाले, गार पहाट, धूळ आणि परागकण, तिन्ही एकदम झालं. मी बाहेरच्या बाकावर बसून एकच विचार करत होते, हिला इथे बोलावलं कुणी? मीच.

यानंतर तिनं बंगळुरूचं नाव टाकलं. आणि मी हवामानाचे आकडे बघायला लागले.

त्यात मला दिसलं की आपण पावसाळासुद्धा गावाकडूनच बरोबर आणतो. जून-जुलै म्हणजे पाऊस, म्हणजे प्रवास नको, हे डोक्यात घट्ट बसलेलं. मुंबईत एकट्या जुलैत ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. बंगळुरूत वर्षभरात मिळून साधारण हजाराच्या आसपास होतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचं बरंचसं पाणी सह्याद्री काढून घेतो, आमच्यापर्यंत ढग, वारा आणि भुरभुर येते. दुपार २८-२९ अंशांची. इथला खरा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा, तोही बहुधा संध्याकाळी, कडकडाटासह. २०२२ च्या सप्टेंबरात बाह्यवळण रस्त्यालगतच्या वस्त्यांमधून लोकांना ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावं लागलं होतं. त्या दिवसांत आलात तर बाहेरची कामं तीनच्या आत उरका आणि राहायची जागा तलावाच्या उतारावर घेऊ नका.

मला विचाराल तर जूनचा उत्तरार्ध आणि जुलै हा इथला सर्वांत सुंदर काळ आहे, आणि तो कुणी निवडत नाही. गर्दी कमी, धूळ बसलेली, पहाट बोचत नाही. एक पातळ स्वेटर आणि छत्री पुरते. दमा असेल तर ढगाळ दमट हवाही काहींना सोसत नाही, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आम्ही विचारलं. ते म्हणाले, जा, औषधं बरोबर ठेवा, पहाटे बाहेर बसू नका.

मग अडचण निघाली ती आईकडूनच. आमचं घर कृष्णेपासून लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात छातीएवढं पाणी होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा. मला वाटत होतं, त्या दिवसांत ती तिथे नसलेलीच बरी. तिचं म्हणणं नेमकं उलटं. "पाणी चढायला लागलं की सामान वर कोण नेणार? तुझ्या बाबांचे फोटो, कागदपत्रं, शेजारच्या काकूंची गोळ्यांची पिशवी?" फोनवर आमचं चांगलंच वाजलं. मी आकडे सांगत होते, ती पायऱ्या सांगत होती, पाणी कितव्या पायरीला आलं की काय उचलायचं ते.

शेवटी तिनंच तारखा दिल्या. १८ जूनला निघायचं, १० जुलैच्या आत परत. तिकिटं काढलीत, येतानाचं आणि जातानाचंही. लालबाग दाखवीन म्हटलं, तर म्हणाली, "दाखव, पण आठनंतर जाऊ. आणि तो पावट्याचा डोसा मिळतो का बघ." पावट्याचा हंगाम नाही, हे अजून तिला सांगितलेलं नाही.