न्यायाच्या साखळीतील मधली जागा

तक्रार घेऊन आलेल्या बाईचे म्हणणे चौकीत कोणी नीट ऐकून घेते का, शेजारच्या मोहल्ल्यातील माणसे एकमेकांना नावाने ओळखतात का, तुरुंगातून सुटलेल्याला काम मिळते का, यांवर वस्तीची सुरक्षितता ठरते. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग ही फौजदारी न्यायव्यवस्थेची तीन अंगे आहेत. एका अंगाकडून दुसऱ्याकडे आणि तिथून घराकडे जाणाऱ्या माणसाची जबाबदारी मात्र यांपैकी कोणीही पूर्णपणे घेत नाही. महाराष्ट्रात ही मधली जागा मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवी संस्थांनी सांभाळली आहे.

या कामाला कायद्याचा आधार आहे. 1958 च्या परिवीक्षा कायद्यानुसार शासनमान्य संस्थेने दिलेली व्यक्तीही परिवीक्षा अधिकारी होऊ शकते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने नोंदणीकृत संस्थांना सेवा पुरवठादाराचा दर्जा देऊन घटनेचा अहवाल नोंदवण्याचा अधिकार दिला. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्यांत किमान एक महिला असावी लागते.

यातील बराचसा कायदा प्रत्यक्ष कामाच्या मागून आला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसते. मारहाणीची तक्रार असेल तर ती गुन्हा नोंदवण्यासाठी मदत करते, स्त्रीधन परत मिळवून देते, निवाऱ्याची सोय पाहते आणि नवऱ्याशी बोलणी झालीच तर ती बाईच्या अटींवर होतील याची काळजी घेते. पुढे राज्य शासनाने हे कक्ष स्वीकारले आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले.

जातीय तणावाच्या बाबतीत भिवंडीचा अनुभव महत्त्वाचा आहे. 1984 च्या भीषण दंगलीनंतर काही वर्षांनी पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभारल्या. पुढाऱ्यांऐवजी वस्तीतील साधी माणसे त्यांत घेतली. समितीची बैठक नियमित होई आणि त्या भागाचा पोलीस तिला हजर असे. 1992 च्या डिसेंबरात मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली. अफवा पसरते त्या रात्री कोणाला फोन करायचा हे आधीच ठरलेले असणे, ही या समित्यांची खरी ताकद आहे.

सर्वांत दुर्लक्षित काम तुरुंगाच्या आत आहे. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील सुमारे 76 टक्के कैदी कच्चे कैदी होते. त्यांपैकी अनेकांना जामीन मंजूर होऊनही बाहेर पडता येत नाही. परराज्यातून आलेल्या मजुराला शहरात जामीनदार मिळत नाही. मिळाला तरी त्याच्याकडे ऐपतीचा दाखला आणि रेशनकार्ड नसते. घरच्यांना तर अटकेचीही खबर नसते. 1990 पासून मुंबईत काम करणाऱ्या ‘प्रयास’सारख्या प्रकल्पातील कार्यकर्ते घरच्यांचा पत्ता शोधतात, कागद जमवतात, वकिलाला गाठतात आणि जामीनदाराऐवजी रोख रक्कम किंवा जातमुचलका स्वीकारावा असा अर्ज न्यायालयात करायला लावतात.

2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर तो जातमुचलक्यावर सुटकेला पात्र ठरतो. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, तसेच ज्याच्यावर एकाहून अधिक खटले प्रलंबित आहेत त्यालाही नाही. किरकोळ चोरीच्या दोन-तीन खटल्यांत अडकलेला गरीब माणूस नेमका या अपवादात सापडतो. त्याच्यासाठी प्रत्येक तारखेचा पाठपुरावा करणारे कोणीतरी असावेच लागते.

कैद्यांच्या पुनर्वसनाचीही परंपरा या भूमीत आहे. 1939 मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली आणि तिथे कैदी शेती करीत, कुटुंबासह राहू लागले. विश्वास टाकल्यावर माणूस बदलू शकतो, याचा हा जुना पुरावा आहे.

लोकसहभागाचे धोकेही गंभीर आहेत. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर मारलेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला, पण भटक्यांकडे संशयाने पाहण्याची नजर गेली नाही. गस्त घालणाऱ्या वस्तीला आधी हे शिकवावे लागते की संशय म्हणजे पुरावा नव्हे. 2007 च्या तंटामुक्त गाव मोहिमेने बांधाचे आणि भाऊबंदकीचे वाद गावातच मिटवण्याची वाट दाखवली. मात्र जिथे एक बाजू दुबळी आहे, विशेषतः स्त्रियांवरील आणि दलितांवरील अत्याचारांत, तिथे तडजोडीचा आग्रह म्हणजे अन्यायच ठरतो.

म्हणून तीन मागण्या ठामपणे मांडायला हव्यात. तुरुंगात आणि पोलीस ठाण्यात संस्थांना मिळणारा प्रवेश अधिकाऱ्याच्या मर्जीवर न राहता लेखी धोरणानुसार असावा. निधी वर्षभराच्या प्रकल्पापुरता न मिळता दीर्घकाळ मिळावा, कारण कैद्याच्या कुटुंबाचा विश्वास एका आर्थिक वर्षात संपादन होत नाही. आणि शासनाकडून निधी घेणाऱ्या संस्थेला शासनाच्या चुकीबद्दल बोलण्याचे स्वातंत्र्य असावे. तपास, खटला आणि शिक्षा ही राज्याची कर्तव्ये आहेत आणि ती संस्थांच्या अंगावर ढकलता येणार नाहीत. त्या कर्तव्यांच्या मधल्या जागेत माणूस हरवू नये, हे पाहण्याचे काम मात्र समाजाचे आहे आणि ते कायमचे आहे.