एकट्याचा गळ आणि माशाचे छायाचित्र

गळ टाकून बसणाऱ्या माणसाची एक जुनी अडचण आहे. त्याने सांगितलेल्या माशाच्या लांबीतून ऐकणारा मनातल्या मनात निम्मी वजा करून घेतो. बरोबर कोणी असले म्हणजे निदान साक्ष तरी मिळते. पण गळाचा नाद हा बहुतकरून एकट्याचा. सूसहून उत्तरेला उतरले की नांदे-म्हाळुंग्याच्या अंगाने मुळा वाहते. तिथे काठावर पहाटे एकटाच बसलेला माणूस साक्षीदार आणणार कुठून?

आता बहुतेकांच्या खिशात मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये कॅमेरा. साक्षीदाराची सोय झाली म्हणायची. पण ही साक्ष घेताना घाई-गडबड झाली, तर तिची किंमत मासा जिवाने देतो. आणि कधीकधी माणूसही देतो. म्हणून या साध्या दिसणाऱ्या विषयावर आज चार शब्द बोलणार आहे.

प्रथम माशाकडे पाहू. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. कल्ल्यांचे तंतू पाण्यात पिसासारखे मोकळे पसरलेले असतात. पाण्याबाहेर येताच ते एकमेकांना चिकटतात आणि मासा गुदमरू लागतो. गळाशी झुंजून तो आधीच दमलेला असतो. धावत आलेल्या माणसाचे नाक-तोंड दाबून धरावे, तसाच हा प्रकार. शिवाय त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगापासून रक्षण करणारे कवच आहे. कोरड्या हाताने धरले किंवा तापलेल्या खडकावर टाकले, की हा थर निघून जातो. असा मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो, आपल्याला बरे वाटते. पण दोन दिवसांनी तो मेला, तर ते आपल्याला कळत नाही.

कोणी म्हणेल, "आम्हांला मासा सोडायचाच नाही, कालवण करायचे आहे." त्यात काही वावगे नाही. तो लगेच मारावा, तडफडत ठेवू नये, आणि मग सावकाश छायाचित्र घ्यावे. पण लहान मासा, अंड्यावर आलेली मादी, किंवा आपल्या नदीत क्वचितच दिसणारी जात गळाला लागली, तर ती पाण्यात परत गेली पाहिजे. अडचण येते ती इथे. दोन्ही हातांत मासा. मग कॅमेऱ्याची कळ दाबायची कोणी?

हा प्रश्न कॅमेऱ्याइतकाच जुना आहे. १८३९ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या गृहस्थाने स्वतःचेच छायाचित्र घेतले. भिंगावरचे टोपण काढायचे, समोर जाऊन न हलता थांबायचे, आणि परत येऊन टोपण लावायचे, अशी त्याची रीत. माणसाला हे जमते. मासा तेवढा वेळ थांबणार नाही. म्हणून एकट्या माणसाने एकच सूत्र लक्षात ठेवावे : छायाचित्राची सगळी तयारी गळ पाण्यात टाकण्यापूर्वी करायची.

ती कशी, ते सांगतो. काठावर सपाट, उथळ आणि संथ पाण्याची जागा निवडा. तिथे गुडघे टेकून बसता आले पाहिजे. मोबाइल तिवईवर, नाहीतर दोन दगडांच्या बेचक्यात पक्का बसवा. सूर्य मोबाइलच्या पाठीशी आणि तुमच्या तोंडावर असावा. नाहीतर चित्रात मासाही काळा आणि धरणाराही काळा. तुम्ही जिथे बसणार तिथे एक ओळखीचा दगड ठेवा आणि चौकट त्यावर जुळवून घ्या. एकदा रिकाम्या हातांनी छायाचित्र काढून पाहा. डोके कापले जात नाही ना? क्षितिज तिरके नाही ना? हे सारे मासा लागण्याआधी पाहायचे.

मासा लागला, की त्याला दांड्याच्या जाळीत घेऊन पाण्यातच ठेवा. हात ओले करा, गळ काढा, आणि मगच मोबाइल चालू करा. टायमर लावला तर १० सेकंद मिळतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे चलच्चित्र सुरू करून ठेवणे. त्यातले हवे ते चित्र घरी आल्यावर वेगळे काढता येते. मासा दोन्ही हातांनी, आडवा, पाण्याच्या वर वीतभरच उचला. निसटला तर तो पाण्यातच पडेल. कल्ल्यांत बोटे घालू नका, मोठा मासा जबड्याला धरून लोंबकळवू नका. मासा वर उचलताना आपण आपला श्वास रोखावा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला, की माशालाही पाण्यात जाऊ द्यावे. सोडताना ढकलू नका. प्रवाहाकडे तोंड करून अलगद आधार द्या. तो आपण होऊन निघेल.

आता खरेपणाविषयी. हात लांब करून मासा कॅमेऱ्यापुढे धरायची एक खोड पडली आहे. शिक्षकबंधूंनी हा हिशेब वर्गात जरूर करून दाखवावा. कॅमेरा माणसापासून दीड मीटरवर आहे आणि मासा अर्धा मीटर पुढे धरला आहे. म्हणजे मासा कॅमेऱ्यापासून एकच मीटरवर आला. तेव्हा माणसाच्या मानाने तो दीडपट मोठा दिसणार; एक फुटाचा मासा दीड फुटाचा होणार! मग हात पसरून सांगण्यात आणि यात फरक तो काय राहिला? त्यापेक्षा गळाच्या काठीवर दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण करा. मासा ओल्या केळीच्या पानावर क्षणभर ठेवून काठी त्याला लावून धरा, आणि वरून एक चित्र घ्या. अशी साक्ष कोणी खोडून काढू शकत नाही.

धरणाऱ्याच्या जिवाचेही पाहिले पाहिजे. एकटे असताना पडद्याकडे पाहत मागे सरकणे म्हणजे संकटाला बोलावणे. शेवाळलेला खडक आणि खोल डोहाची कड या जागा छायाचित्राच्या नव्हेत. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले, की नदी बघता बघता चढते. त्या दिवसांत काठावर बसूच नये. मोबाइलला दोरी बांधा. आणि तरीही पाण्यात पडला तर पडू द्या, मागोमाग उडी घेऊ नका. कुठे जातो आणि केव्हा परततो, ते घरी सांगून निघा. जलाशय मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असेल, तर आधी परवानगी घ्या. त्या पाण्यावर कोणाचे तरी पोट आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? केवळ मित्रांना दाखवायला? श्रोतेहो, पुण्याच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय नोंद जुनी आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने लिहिली, आणि इथल्या लोकांच्या तोंडची नावे थेट शास्त्रात नेली. मुळा-मुठेतल्या महसीर माशाला त्याने १८३९ साली दिलेले 'खुद्री' हे नाव आजही जगभर चालते. त्यानंतर १९४२ साली फ्रेझर यांनी, २००३ साली वाघ आणि घाटे यांनी इथल्या माशांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. अशा याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या, म्हणजे कोणता मासा गेला आणि कोणता परका आला, ते कळते. आपल्याकडे घरच्यासारखी झालेली चिलापी ही आफ्रिकेतली. भारतात ती १९५२ साली आणली गेली. उलट लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० नंतरच्या दशकापासून महसीरची पिल्ले वाढवून पाण्यात सोडली जात आहेत.

सूस गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आले. नदीकाठी घरे वाढली, पाणी बदलले. पाण्याबरोबर मासे कसे बदलले, हे सांगायला शास्त्रज्ञ रोज काठावर बसलेला नसतो. गळवाला बसलेला असतो. त्याच्या एका खऱ्या चित्राखाली तारीख, जागा, लांबी आणि माशाचे गावातले नाव एवढे लिहिले, तरी ती नदीची नोंद होते. शाळेत अशी एक वही ठेवावी. मुलांनी आजोबांना जुनी नावे विचारून त्यात भरावीत. दुर्मीळ माशाचा नेमका डोह मात्र चारचौघांत सांगू नये; दुसऱ्या दिवशी तिथे जाळे पडेल.

गळवाल्याने लांबी सांगितली आणि ऐकणाऱ्याने त्यातून काही वजा केले नाही, असे दिवस या वहीमुळे आले तर चांगलेच. पण चित्र दाखवून झाल्यावर "मासा कुठे आहे?" असे कोणी विचारले, आणि "नदीत आहे," असे उत्तर देता आले, तर त्याहून चांगले.