आवाज उतरला, नाद का बिघडला?



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, म्हणजे तो संपावरच बोलणार असे श्रोते धरून चालतात. मी आज इलेक्ट्रिक गिटारच्या एका बटनाविषयी बोलणार आहे. त्या बटनापायी माझ्या हातून एक अन्याय घडला, आणि तो उमजण्यासाठी मला या वयात विजेचे पुस्तक उघडावे लागले.

आमच्या गणेशोत्सवात लेथवर काम करणारा एक तरुण गिटार वाजवीत होता. गाणाऱ्या मुलीचे शब्द ऐकू येईनात, म्हणून मी त्याला आवाज कमी करायला सांगितले. त्याने गिटारवरचे बटन पिळले. आवाज उतरला, पण धारही गेली. घोंगडीखालून कोणी वाजवावे तसे ऐकू येऊ लागले. मी चारचौघांत म्हणालो, "हळू वाजव म्हटले, झोपेत वाजव म्हटले नाही." तो म्हणाला, "अण्णा, हात तोच आहे." मी ऐकून घेतले नाही.

आपल्याकडे नादाची तीन लक्षणे सांगतात: उंचनीचपणा, लहानमोठेपणा आणि जाती. सूर तोच, जोर तोच, तरी सनई आणि सारंगी आपण डोळे मिटून ओळखतो, ती जातीवरून. आवाजाच्या बटनाने लहानमोठेपणा तेवढा बदलावा. ते जातीला का हात घालते?

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने मला प्रयोग करून दाखवला. मंद आवाजात आपला कानच खालचे व अगदी वरचे स्वर कमी पकडतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून मांडले. तेव्हा दोष कानाचा की वाद्याचा, हे आधी ठरवायला हवे. त्याने गिटारचे बटन उतरवले आणि तेवढाच आवाज अ‍ॅम्प्लिफायरवर वाढवला. कानाला आवाज पहिल्याइतकाच, पण धार परतली नाही. मग त्याने लांब वायर काढून हातभर वायर जोडली. धार बरीचशी परतली! दोष हाताचा नव्हता, कानाचाही नव्हता. तो बटन आणि वायर यांच्या संगनमताचा होता.

हे संगनमत असे. गिटारच्या तारांखाली पिकअप असतो: लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कापली, की त्यात वीज उमटते. ती बटनाच्या पहिल्या पायावर येते आणि मधल्या पायावरून बाहेर जाते. तिसरा पाय जमिनीला, म्हणजे अर्थला, जोडलेला. बटन पूर्ण उघडे असले, की पहिला व मधला पाय एकच होतात. ते उतरवले, की वाटेत रोध येतो. ५०० किलोओमच्या बटनावर विजेचा दाब निम्मा केला, तर वायरच्या बाजूने पाहता सुमारे १२५ किलोओमचा रोध आडवा येतो.

आता वायर. आत एक तार, भोवती जाळी, मध्ये रोधक थर. म्हणजे हा लांबट कपॅसिटरच झाला. आमचे जुने रेडिओ दुरुस्तीवाले त्याला कंडेन्सर म्हणत. मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरा. सहा मीटरला ६००. हा कपॅसिटर जलद कंपने जमिनीकडे पळवतो. वरच्या आकड्यांचा हिशेब केला, तर सेकंदाला सुमारे २१०० कंपनांपासून वरचा नाद ढासळू लागतो. गिटारची धार नेमकी तिथेच वर असते.

उपाय आहेत, पण फुकटचा एकही नाही. बटनाच्या पहिल्या आणि मधल्या पायांवर १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर केला, की जलद कंपनांना आडवाट मिळते. मात्र बटन फार उतरवले, की टीपच तेवढी उरते आणि पत्र्याचा डबा वाजतो. म्हणून त्याच्या जोडीला समांतर १५० किलोओमचा रोध घालतात. मग सारे स्वर थोडेथोडे त्या वाटेने जातात, पण बटनाची चाल बदलते. दुसरी रीत १९५० नंतरच्या दशकातल्या गिब्सन गिटारांची: टोनच्या बटनाची जोडणी मधल्या पायावर. त्याने धार टिकते, पण एक बटन फिरवले की दुसऱ्याचे कामही थोडे हलते. तिसरा उपाय पिकअपजवळच बॅटरीवर चालणारा लहान ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर बसवून २५ किलोओमचे बटन वापरण्याचा. मग वायरची मात्रा चालत नाही. पण ऐन गाण्यात बॅटरी संपली, तर सारेच शांत.

कोणी म्हणेल, आवाज मागच्या अ‍ॅम्प्लिफायरवरच उतरवावा. पण गाणे चालू असता दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि बोटाशी असते ते गिटारचे बटन. शिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर जोरात हाकला की खरखरतो. तोच नाद स्वच्छ करायला वादक हेच बटन उतरवतो.

त्या मुलाने पहिला उपाय केला. कपॅसिटर आणि रोध मिळून चहाच्या किमतीत आले.

मित्रहो, यंत्र न तपासता कामगाराला दोष देऊ नका, हे मी कारखानदारांना तीस वर्षे सांगत आलो. माल बिघडला, की आधी पट्टा पाहा, बेअरिंग पाहा, मग माणसाकडे बोट दाखवा. त्या रात्री मांडवात बोट माझेच होते. विसर्जनाच्या आदल्या रात्री त्याच मांडवात, त्याच लोकांसमोर, मी त्याची माफी मागितली. मग तो वाजवायला बसला. त्याने बटन निम्म्यावर आणले. मुलीचा शब्द न् शब्द ऐकू आला, आणि गिटारची तार न् तारही.