अक्षराची जागा



बेळ्ळंदूर या नावात ‘ळ’ दोनदा येतो. तो जसा मराठीचा, तसाच कन्नडचाही. आज या परिसरात जगभराचे संगणकीय काम चालते. परंतु एके काळी संगणकात ‘ळ’ला स्थानच नव्हते. संगणक अक्षर जाणत नाही, अक्षराचा क्रमांक जाणतो. अमेरिकेतील ‘ॲस्की’ या प्रमाणात अवघी १२८ स्थाने होती आणि ती रोमन अक्षरे, अंक, चिन्हे व नियंत्रण-संकेत यांनीच व्यापली होती.

आयआयटी कानपूर येथे भारतीय लिपींसाठी आरंभलेले ‘जिस्ट’चे कार्य पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विस्तारले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात ॲस्कीची १२८ स्थाने जशीच्या तशी राखून वरच्या १२८ स्थानांच्या भागात भारतीय अक्षरे बसवली गेली. क्रमांक लिपीच्या आकाराला नव्हे, वर्णाला मिळाला. त्यामुळे मराठी ‘ळ’ आणि कन्नड ‘ळ’ यांचा क्रमांक एकच. लिपी बदलताच तोच मजकूर टर्मिनलवर कन्नडमध्ये उमटे. मराठीला न लागणाऱ्या ऱ्हस्व ‘ए’लाही तेथे जागा होती, कारण कन्नडला तो हवा होता.

या औदार्याला एक मर्यादा होती. मजकूर कोणत्या लिपीतला, ही खूण हरवली की वाचन चुके. युनिकोडने इस्कीचाच वर्णक्रम आधाराला घेऊन प्रत्येक लिपीला स्वतंत्र विभाग दिला. त्याचे मोलही द्यावे लागले: इस्कीत एका बाइटात मावणारे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. मात्र मराठी, कन्नड व इंग्रजी एकाच ओळीत निर्धास्त नांदू लागल्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद टिकला. मराठी ‘ॲ’ला २००८ मध्ये स्वतःचा क्रमांक लाभला.

तरीही एक धोका शिल्लक आहे. जुन्या फाँटांत अनेकदा रोमन क्रमांकांवरच मराठी आकार चढवलेले असत. असा फाँट नाहीसा झाला की आजोबांच्या आठवणी, संस्थेचे इतिवृत्त, कवितांची वही यांच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उरतात. म्हणून घरोघरीचा असा मजकूर, मूळ फाँट हाताशी आहे तोवर, युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासावेत. पुढच्या पिढीला मराठी वाचता येणे जितके आवश्यक, तितकेच तिच्या हाती वाचण्याजोगे मराठी पोहोचणेही आवश्यक आहे.