पंगत, भगर आणि कलम 25

औंढा नागनाथच्या महाविद्यालयात पदवी वितरणाला आलेल्या ज्येष्ठ वकिलांनी अभिनंदन एका वाक्यात उरकलं आणि भाषण थेट धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्यांवर नेलं. त्यांची निम्मी वकिली तिथंच गेलेली.

देवस्थानाचे विश्वस्त वकिलाकडे येतात ते चेंज रिपोर्टसाठी. अध्यक्ष कोण, सचिव कोण, कुणाचं नाव उडालं. मंडळाची मुदत संपते, वाद संपत नाही. एका प्रकरणात अर्जदार वारला, हरकत घेणाराही वारला, आणि आपण एकमेकांशी भांडतोय हे वारसांना नोटीस आल्यावर कळलं. मुलं हसली. वक्ते हसले नाहीत. ‘या भांडणांवर आमच्या पेशानं घरं बांधली,’ ते म्हणाले. ‘पण स्वयंपाकघराबद्दल विचारायला एकही विश्वस्त आला नाही.’

मग फेब्रुवारी 2024 निघाला. लोणार तालुक्यातलं सोमठाणा, हरिनाम सप्ताह, एकादशीची भगर-आमटी. दोनशेहून अधिक माणसं उलट्या करत दवाखान्यात आली. खाटा पुरेनात, म्हणून बाहेर झाडांना दोऱ्या बांधून सलाईन लटकवल्या. त्याच महिन्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीतही महाप्रसादातून शेकडो लोकांना विषबाधा झाली. ओल लागलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि विष तयार होतं. सुटी, जुनी भगर घेऊ नका, असं अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या हंगामात सांगत असतं. ऐकतो कोण?

त्यानंतर एका विश्वस्ताचा त्यांना फोन आला होता. ‘वकीलसाहेब, प्रसादाला कसला आलाय कायदा? आम्ही काय विकतो?’

इथं आवाज चढला. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात नफ्याची अट नाही, विकणाऱ्यासोबत वाटणाराही त्यात येतो. असुरक्षित अन्नानं माणूस दगावला तर किमान 7 वर्षं कैद आणि वारसांना किमान 5 लाखांची भरपाई. धर्मस्वातंत्र्य? तेही त्यांना प्रिय. 1954 च्या रतिलाल गांधी खटल्यात धर्मादाय आयुक्तालाच देवस्थानाचा विश्वस्त नेमण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली, तो निकाल ते आजही अभिमानानं सांगतात. पण कलम 25 सुरू होतं तेच सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. पूजा कशी करायची ते सरकार सांगणार नाही. पातेल्यात काय शिजलं, हे मात्र विचारणारच.

औंढ्यात बोलायचं म्हणजे नामदेव आणि विसोबा खेचर येणारच. तेही आले, जरा लांबले.

गावोगावच्या सप्ताह समित्यांत आता हीच पदवीधर पोरं बसणार, म्हणून एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा बजावली: अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करा, किराण्याची पावती ठेवा, वाढलेल्या अन्नाचा नमुना काढून ठेवा, आणि हे महाशिवरात्रीच्या आधी करा. ‘देणगीची पावती फाडता, भगरीची का नाही घेत?’

तोवर संयोजकांची चिठ्ठी आली. वक्ते ट्रस्टच्या दवाखान्यांकडे वळले होते. जिथं काही रुग्ण पैसे भरतात, तिथं फुकट उपचार घेणाराही ग्राहक ठरतो, हा 1995 चा शांता खटल्यातला निकाल त्यांनी अर्ध्यात सोडला. पदव्या वाटायच्या राहिल्या होत्या.