वसंत, स्वर आणि दान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चैत्र महिन्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी एखाद्या विद्वान वक्त्याऐवजी आपण एका पेटीवाल्याला बोलावलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. घोड नदीच्या खोऱ्यातील एका लहान गावात मी वाढलो. पोटासाठी मास्तरकी केली आणि उरलेला सारा वेळ भजनी मंडळात पेटी वाजविण्यात व चाली बांधण्यात घालविला. आपल्या मंदिरातील पूजांच्या वेळीही साथीला बसण्याचा योग मला अनेकदा लाभला. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते शास्त्र नव्हे, एका साध्या वादकाचे मनोगत आहे. विषय एवढाच, की कलावंताने आपली निर्मिती साठवावी की वाटावी?

हा प्रश्न मला दर वसंतात नव्याने पडतो. फाल्गुनात आपल्या डोंगरउतारांवर पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. आधी पाने गळतात, फांद्या उघड्या होतात आणि मग त्यांवर फुले येतात. संगीतातही या ऋतूचा मान मोठा आहे. वसंत राग एरवी रात्रीच्या उत्तर भागात गावयाचा; परंतु वसंत ऋतूत तो कोणत्याही वेळी गाण्याची मुभा आहे. ऋतू आला की प्रहराचे बंधन सैल होते.

आपल्या या दोन तालुक्यांचा वसंत तर गाण्यावरच उभा आहे. माघ शुद्ध पंचमीला वसंतपंचमी होते आणि पाचच दिवसांनी, माघ शुद्ध दशमीला, तुकाराम महाराजांच्या गुरूपदेशाचा दिवस येतो. त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला मांडवी नदीच्या काठी आहे, अशी आपल्याकडील श्रद्धा आहे. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीज. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. चैत्र शुद्ध त्रयोदशीला आपल्याकडे भगवान महावीरांच्या जन्मकल्याणकाची मिरवणूक निघते, स्तवने घुमतात. चैत्र वद्य एकादशीला आळ्याला रेड्याच्या समाधीची यात्रा भरते. एवढ्या गळ्यांतून एवढे गाणे वाहत असताना आपली एक चाल ट्रंकेत कुलूप लावून ठेवणारा मनुष्य किती दरिद्री म्हणावा! तो दरिद्री मनुष्य मीच होतो. ती हकीकत आज आपल्यासमोर कबूल करतो.

माझे गुरू आमच्या गावचे भजनी बुवा. अक्षर वळणदार, कान विलक्षण तयार. त्यांनी आयुष्यभरात बांधलेल्या चाली तीन जाड वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. शब्दांवर सरगम, बाजूला ठेक्याची खूण. त्या वह्या मात्र कोणाला हात लावू देत नसत. "चाल दिली की परकी होते," असे ते म्हणत. आम्हां शिष्यांनाही मुखडा देत आणि अंतरा राखून ठेवीत. बुवा गेले. त्यांच्या घराचे छप्पर एका पावसाळ्यात गळले आणि ट्रंकेतील त्या वह्यांचा लगदा झाला. मी उन्हात एकेक पान सोडवून पाहिले. शाई पसरली होती, स्वर वाचता येत नव्हते. राखून ठेवलेले ते अंतरे बुवांबरोबरच गेले.

यातून मी धडा घ्यावयास हवा होता. परंतु कृपणपणाही शिष्याकडे वारशाने येतो. एका फाल्गुनात मी वसंत रागाच्या आधाराने एका अभंगाला चाल बांधली. ती मला फार आवडली. शेजारच्या गावचे एक भजनी स्नेही मुद्दाम पायी आले आणि म्हणाले, "मास्तर, एवढी चाल द्या, सप्त्यात म्हणू." मी नाही म्हटले नाही. त्याहून वाईट केले. मुखडा बरोबर शिकविला आणि अंतरा जाणूनबुजून वेगळा, सपाट असा शिकविला. ते हात जोडून, समाधानाने परत गेले.

पुढे काही वर्षांनी त्यांच्याच गावच्या सप्त्यात मी श्रोता म्हणून बसलो होतो. स्त्रियांच्या भजनी मंडळाने तीच चाल सुरू केली. मुखडा माझाच. अंतऱ्याशी आल्यावर मी मान खाली घातली, कारण पुढे काय येणार ते मला ठाऊक होते. परंतु ते आले नाही. त्या सपाट अंतऱ्याला त्या बायांनी आपल्या ओवीच्या वळणाने असे काही उचलून घेतले होते, की माझा मूळचा, लपवून ठेवलेला अंतरा त्यापुढे फिका वाटला. चाल कोणाची, असे मी एका आजींना विचारले. "आमचीच की," त्या म्हणाल्या. त्या उत्तराने मला आधी चटका बसला आणि घरी पोहोचेपर्यंत हलकेही वाटले.

बंधुभगिनींनो, ही काही एकट्या आमच्या बुवांची वृत्ती नव्हती. आपल्या अभिजात संगीतात घराण्यांच्या खास चिजा तिजोरीतल्या ऐवजासारख्या जपल्या जात. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे व्यवसायाने वकील. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांकडून आर्जवाने चिजा मिळविल्या आणि स्वरलिपीसह मराठीतून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. आज कोणत्याही खेड्यातील मुलाला परंपरेतील चीज पुस्तकातून पाहावयास मिळते, ती त्यांच्यामुळे. ज्या चिजा कोणी दिल्याच नाहीत, त्यांतील कित्येक आमच्या बुवांच्या अंतऱ्यांच्या वाटेने गेल्या असतील.

दुसरे उदाहरण पंडित कुमार गंधर्वांचे. १९४८ साली क्षयरोगाने ग्रासलेल्या अवस्थेत ते देवासला राहावयास गेले. गाणे बंद झाले. ज्याचा गळा हेच सर्वस्व, त्याने वर्षानुवर्षे गप्प पडून राहावयाचे! त्या सक्तीच्या मौनात माळव्यातील लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली. पुढे त्या धुनांतून त्यांना नवे राग दिसले आणि अनेक बंदिशी झाल्या. पळसाची पाने गळाल्यावरच फूल येते, ते असे. परंतु मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. या बंदिशी त्यांनी स्वतःपुरत्या ठेवल्या नाहीत. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ या ग्रंथात त्या स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. ‘गीतवसंत’सारखे ऋतूंवरचे कार्यक्रम केले आणि लोकगीतांचे ऋण रसिकांसमोर उघडपणे मानले. एकांतात घेणे आणि लोकांत देणे, अशी निर्मितीची दोन पावले आहेत. पहिले पाऊल चुकविले तर देण्याजोगे काही हाती लागत नाही, आणि दुसरे चुकविले तर हाती लागलेले कुजते.

आपल्या समाजाला हे मी नव्याने सांगावे असे नाही. मध्ययुगातील जैन साधुकवींनी रास आणि स्तवने रचली, तेव्हा ढाळेच्या माथ्यावर ती कोणत्या ‘देशी’वर गावयाची हे नोंदवून ठेवले. देशी म्हणजे त्या काळी लोकांच्या ओठांवर असलेल्या गीताची चाल. लोकांकडून चाल घेतली आणि तिच्यावर शब्द बसवून ती लोकांनाच परत दिली. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गूर्जर कविओ’ या ग्रंथमालेत अशा देशींची मोठी सूची दिली आहे. कित्येक लोकगीते पुसली गेली. परंतु त्यांचा पहिला चरण या नोंदींत टिकून राहिला. ग्रंथांच्या प्रती लिहवून त्यांचे दान करण्याची आपली परंपरा तर सर्वश्रुतच आहे. अपरिग्रह आपण धनाच्या संदर्भात नेहमी ऐकतो. स्वराचाही परिग्रह होतो, हे मला उशिरा कळले.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, अशी कथा आहे. तो चमत्कार मानावा की अभंग आधीच लोकांच्या कंठी गेले होते असा अर्थ घ्यावा, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. बुवांच्या वह्यांचा लगदा हातात धरलेल्या मला मात्र दुसरा अर्थ जवळचा वाटतो. आमच्याच खोऱ्यात डिंभे धरण झाले आणि जुने आंबेगाव पाण्याखाली गेले. माणसे उठली, विखुरली. घरांच्या भिंती कोणाला नेता आल्या नाहीत. ओव्या आणि अभंग मात्र नेता आले. पाणी जेथे पोहोचत नाही, अशी साठवणीची एकच जागा आहे, ती म्हणजे दुसऱ्याचा गळा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कलावंताने वाटावे, याचा अर्थ समाजाने फुकट लुटावे असा नव्हे. नारायणगावच्या विठाबाईंचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. आजोबा नारायण खुडे यांच्यापासून चालत आलेली फडाची परंपरा विठाबाईंनी महाराष्ट्रभर गाजविली. त्यांनी रसिकांना देताना हात आखडला नाही. त्यांचे अखेरचे दिवस मात्र विवंचनेत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर राज्य शासनाने त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, हे उचितच झाले. पण जिवंतपणी मिळालेली ऊब वेगळी असते. आज मोबाईलवर कोणाचेही गाणे क्षणात शेकडो घरी पोहोचते आणि वाटेत रचणाऱ्याचे नाव गळून पडते. म्हणून देणाऱ्याने मोकळ्या हाताने द्यावे, आणि घेणाऱ्याने नाव सांगून घ्यावे, बिदागीचा विसर पडू देऊ नये. सप्त्यातील त्या आजी "आमचीच" म्हणाल्या, यात मी आनंद मानला. कारण त्यांनी चालीत स्वतःची भर घातली होती.

आपल्यापैकी अनेकांच्या द्राक्षबागा आहेत. माल उतरला की एप्रिलमध्ये आपण खरड छाटणी करता. नवख्या माणसाला ते निर्दयपणाचे वाटते. हिरवा वेल असा खरडून का टाकावा? परंतु पुढल्या हंगामाचे घड ज्या काडीवर यावयाचे, ती काडी या छाटणीनंतरच फुटते, हे आपण जाणता. चालीचेही तसेच आहे. जुनी चाल देऊन टाकल्याशिवाय मला नवी सुचत नाही, असा माझा अलीकडच्या वर्षांतला अनुभव आहे.

म्हणून आज रिकाम्या हाताने आलो नाही. माझ्या साऱ्या चाली, मुखडे आणि अंतरे, काहीही राखून न ठेवता, स्वच्छ अक्षरात लिहून काढल्या आहेत. वसंतातली ती चालही त्यात आहे. तिचा अंतरा दोन प्रकारे लिहिला आहे. आधी त्या भगिनींचा, त्यांच्या गावाच्या उल्लेखासह, आणि त्याखाली माझा. ही वही मी आपल्या ट्रस्टच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. ज्याला हवी त्याने तिची प्रत करून न्यावी. ज्या स्नेह्यांना मी चुकीचा अंतरा शिकविला, ते आज हयात नाहीत. त्यांची क्षमा मागण्याचा याहून दुसरा मार्ग मला सुचला नाही. क्षमापनेचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्या समाजासमोर ती मागता आली, हे माझे भाग्य समजतो.

आपल्या संस्थेची पुढील वाटचाल अशीच दानशील आणि स्वरमय राहो, एवढी प्रार्थना करून मी माझे दोन शब्द संपवितो. जय जिनेंद्र.