घरच्या संगणकावर सातबारा आणि गावनकाशा : काय पाहावे, किती मानावे?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



उभ्या पिकाची पाहणी आपण आठवड्यातून दोनदा करतो. कीड दिसली की लगेच उपाय योजतो. जमिनीच्या कागदाची पाहणी मात्र कर्ज, वाटणी किंवा विक्रीची वेळ आली म्हणजेच होते. तोवर वडिलांच्या पश्चात आईचे किंवा बहिणीचे नाव लागायचे राहून गेलेले असते, फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच असतो, नाहीतर क्षेत्राचा आकडा चुकलेला असतो. ही पाहणी आता घरच्या संगणकावर करता येते. ती कशी करावी आणि पडद्यावर दिसते त्यावर किती विसंबावे, एवढेच आज सांगणार आहे.

कोणते कागद पाहता येतात?

महसूल विभागाच्या ‘महाभूमी’ या संकेतस्थळावर सातबारा, ८-अ आणि मालमत्ता पत्रक पाहता येते. जिल्हा, तालुका व गाव निवडावे आणि गट नंबर किंवा खातेदाराचे नाव घालावे. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, हे आधी तपासावे. तसे नसेल तर ते स्थळ सरकारी नव्हे.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. फुकट दिसणारा विनास्वाक्षरीचा उतारा फक्त माहितीसाठी असतो. बँकेत, कचेरीत किंवा न्यायालयात द्यायचा असेल तर शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढावा. त्यावर पडताळणी क्रमांक असतो. त्यावरून उतारा खरा की खोटा हे समोरच्यालाही तपासता येते.

उतारा कसा वाचावा?

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची, क्षेत्र किती, इतर हक्क व बोजे कोणते हे असते. बारामध्ये पिकांची नोंद असते. ८-अ मध्ये एका खात्यावरील गावातील सर्व जमीन एकत्र दिसते. म्हणून आधी ८-अ पाहावा आणि मग त्यातील प्रत्येक गटाचा सातबारा उघडावा. एखादा गट नजरेतून सुटत नाही.

क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटरमध्ये असते. १०० आर म्हणजे १ हेक्टर. १ आर जवळजवळ १ गुंठ्याएवढा असतो. त्यामुळे उताऱ्यावर ०.८१.०० असे दिसले तर ती सुमारे २ एकर जमीन समजावी.

बारामधील पीक आपल्या शेतातील पिकाशी जुळते का, हेही पाहावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि मोबाइलवरून पीक नोंदविण्याचे काम शेतकऱ्याच्याच हाती आले. नुकसानभरपाईच्या वेळी ही नोंद विचारली जाते.

पंधरा दिवसांचे महत्त्व

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे चुकीची नोंद एकदा प्रमाणित झाली की ती खोटी ठरविण्याचा भार आपल्यावर येतो.

यावर उपाय वेळेत पाहण्याचा. खरेदी, वारस, वाटणी अशी नोंद धरल्यावर हितसंबंधितांना नोटीस निघते आणि नोटिशीपासून १५ दिवसांत लेखी हरकत घेता येते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंदीचा निर्णय करतात. चालू फेरफार ‘आपली चावडी’ या डिजिटल फलकावर गाववार पाहता येतात. जे शेतकरी नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास राहतात, त्यांना हा फलक फार उपयोगी आहे.

नकाशाची रेघ आणि शेताचा बांध

‘महाभूनकाशा’ या स्थळावर गाव आणि गट नंबर निवडला की गटाचा आकार, शेजारचे गट आणि खातेदार दिसतात. आपल्या चतुःसीमा समजून घेण्यास आणि जमीन घेण्यापूर्वी रस्ता कोठून येतो याचा अंदाज घेण्यास तो चांगला आहे.

परंतु या नकाशावरून बांध कोरू नये. समजा नकाशा १:५,००० या प्रमाणाचा आहे. त्यावरील अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. आपली भांडणे तर हाताभर बांधावरून होतात! गावोगावचे मूळ नकाशे शंकू-साखळीच्या काळातील आहेत. ३३ फुटांची साखळी, ३३ गुणिले ३३ फुटांचा गुंठा, हे माप त्याच काळाचे. असा जुना, घड्या पडलेला कागद संगणकात घेतला म्हणून तो अधिक अचूक होत नाही. पडद्यावर चित्र मोठे केले की रेघही तेवढीच मोठी होते.

उपग्रहाच्या चित्रांचेही तसेच. इस्रोचे ‘भुवन’ २००९ मध्ये सुरू झाले. त्यावर ओढे, जुने पाट आणि झाडोरा उत्तम दिसतो. शेततळ्याची जागा ठरविताना त्याचा उपयोग होतो. मात्र चित्र आजचे नसते, आणि गटाची रेघ त्यावर ठेवली तर ती काही मीटर सरकलेली असू शकते. ‘शेजाऱ्याने आमच्यात नांगर घातला’ असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा, लगतच्या खातेदारांसमक्ष खुणा करून घ्याव्यात आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवावी. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते.

थोडक्यात काय करावे?

१. खरीप व रब्बीपूर्वी, वर्षातून दोनदा, ८-अ आणि सर्व सातबारे पाहावेत.
२. नाव, क्षेत्र, इतर हक्क, बोजा आणि पीक ही पाच स्थळे तपासावीत.
३. वारस नोंद किंवा बोजा कमी करण्यासाठी ‘ई-हक्क’ प्रणालीतून अर्ज करावा किंवा तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, भेटावे.
४. लेखनाची चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा.
५. घरातील स्त्रियांनाही उतारा वाचून दाखवावा. हक्क त्यांचाही आहे.

संगणक शेताचा राखणदार आहे, न्यायाधीश नव्हे. राखणदाराने हाक दिली की उठून पाहावे, पण निवाडा मोजणीवर आणि मूळ कागदावर सोडावा. पुढील हंगामाचे बियाणे आणण्यापूर्वी प्रत्येकाने आपला उतारा एकदा उघडून वाचावा, अशी आग्रहाची विनंती करून मी थांबतो.